व्हॅनची चावी परत देण्याआधी: न्यूझीलंड सहलीच्या शेवटाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात कॅम्परव्हॅन (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन न्यूझीलंड कसं फिरायचं ते लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं शेवटाबद्दलच आहेत, म्हणजे सहल कुठं संपवावी, गाडी कशी परत द्यायची, उरलेल्या पिठा-तेलाचं काय करायचं, घरी आल्यावर मन का लागत नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण निघायच्या आधी सगळे सुरुवातीची तयारी करतात आणि शेवटचे दोन-तीन दिवस तसेच सोडून देतात, अन् सगळी धावपळ, भांडणं, खर्च तिथंच होतो. म्हणून या वेळी फक्त शेवटाचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न (जालन्याहून): ताई, आम्ही दोन फॅमिली मिळून नोव्हेंबरात जायलो. ऑकलंडला व्हॅन घ्यायची, क्राइस्टचर्चला सोडायची. मिल्फर्ड साउंड सगळ्यात भारी म्हणतात म्हणून ते शेवटाला ठेवलंय. मिल्फर्ड बघायचं, दुसऱ्या दिवशी क्वीन्सटाउन, तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी डेपोत. बसतंय ना?

उत्तर: ओढूनताणून बसेल, पण नका बसवू. सगळ्यात बेभरवशाचं ठिकाण तुम्ही अशा जागी ठेवलंय की एक दिवस इकडचा तिकडं झाला तर थेट विमानाशी गाठ. मिल्फर्डला वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडं सातशे-आठशे मिलिमीटर झाला की पीकपाणी बरं म्हणतो आपण, त्यावरून अंदाज घ्या. टे आनाऊ गावापासून पुढं जवळपास १२० किलोमीटरचा रस्ता, त्यात डोंगराच्या पोटातून जाणारा होमर टनेल, १९५४ साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटर लांब. वरच्या कड्यांवरून बर्फ कोसळायचा धोका असला की हा रस्ता बंद ठेवतात, आणि हे नुसतं हिवाळ्यातच होतं असं नाही, वसंतातही होतं. नोव्हेंबर म्हणजे तिकडचा वसंतच. पावसानं मिल्फर्ड वाया जात नाही बरं का, उलट पाऊस असला की दोन्ही बाजूंच्या काळ्या कड्यांवरून जिकडं बघाल तिकडं पाणी उतरत असतं, मी तर म्हणेन पावसातलंच मिल्फर्ड बघावं. पण रस्ताच बंद झाला तर टे आनाऊला एक रात्र जास्तीची थांबून दुसऱ्या दिवशी जाता आलं पाहिजे, अन् अशी जास्तीची रात्र सहलीच्या मधे सापडते, शेवटाला सापडत नाही.

दुसरं म्हणजे अंतर. क्वीन्सटाउन ते क्राइस्टचर्च साधारण ४८० किलोमीटर आहे, मोबाइल सहा तास दाखवतो ते कारचे. सहा जणांची व्हॅन चढाला हळू चालते, एकेरी पुलांवर समोरच्याला जाऊ द्यावं लागतं, मागं गाड्या साचल्या की डाव्या हाताला घेऊन त्यांना पुढं सोडायची तिथं रीत आहे, त्यात लेकरांचं जेवण, सूसू, चहा. आठ तास धरून चाला. आणि हे सगळं कधी, तर ज्या दिवशी डिझेल फुल करायचं, टॉयलेटची आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायची, बॅगा भरायच्या आणि डेपो बंद व्हायच्या आत पोचायचं त्याच दिवशी. बहुतेक डेपो दुपारी साडेचारच्या सुमाराला बंद होतात, तुमच्या करारात वेळ लिहिलेली असेल ती आत्ताच बघून ठेवा.

मी काय करेन ते सांगते. उत्तर बेटावरच्या वेलिंग्टनहून फेरीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीनं, साडेतीन तासांत दक्षिण बेटावरच्या पिक्टनला उतरलात (फेरीवर चढायच्या आधी व्हॅनचा गॅस बंद करायचा असतो, विसरू नका) की पूर्वेच्या किनाऱ्यानं सरळ खाली यायचं नाही, पश्चिमेकडं वळायचं. नेल्सन, पुनाकाइकीचे थरावर थर रचल्यासारखे खडक, फ्रान्झ जोसेफ, हास्ट, वानाका, क्वीन्सटाउन, टे आनाऊ, मिल्फर्ड. तिथून माघारी फिरायचं ते माउंट कुककडं, ३,७२४ मीटरचा, तिथलं सगळ्यात उंच शिखर, त्याच्या वाटेवर पुकाकी तलाव लागतो आणि त्याचा तो दुधाळ निळा रंग खराच तसा असतो, फोटोतली करामत नव्हे, हिमनदी खडक घासत येते आणि त्याची पिठासारखी भुकटी पाण्यात तरंगत राहते म्हणून. मग टेकापो, तुमच्या नोव्हेंबरच्या तारखा महिन्याच्या शेवटाकडं असतील तर तिथं लुपिनची जांभळी-गुलाबी फुलंही सापडतील. टेकापोहून क्राइस्टचर्च तीन तासांवर, पण तरीही सरळ डेपोत जाऊ नका. शेवटच्या दोन रात्री आकारोआला काढा. क्राइस्टचर्चपासून ८० किलोमीटर, जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात समुद्र शिरून झालेलं बंदर, १८४० मध्ये फ्रेंच लोक येऊन राहिले म्हणून गल्ल्यांची नावं अजून फ्रेंच आहेत, आणि खाडीत हेक्टर डॉल्फिन, अगदी छोटे, गोल पंखाचे. नाहीतर हॅनमर स्प्रिंग्ज, गरम पाण्याचे कुंड, इतके दिवस गाडी चालवून आखडलेल्या कमरेला त्यासारखं औषध नाही. शेवटचा मुक्काम डेपोपासून दोन तासांच्या आतच पाहिजे, बाकी प्लॅनमध्ये काहीही बदला, हे बदलू नका.

आणि होमर टनेलच्या सिग्नलला थांबलात की कीआ नावाचे पोपट येतील, हिरवट, पंखाखाली केशरी, कोंबडीएवढे. लेकरं वेडी होतील बघून. पण ते वायपरचं आणि खिडकीचं रबर चोचीनं उपटून काढतात, आमच्या पुढच्या गाडीच्या टपावर बसून एकानं रबराची पट्टी हातभर ओढून काढलेली मी डोळ्यानं बघितलीय. त्यांना खायला घालू नका, अन् गाडी तिथं सोडून लांब जाऊ नका, कारण ते रबर शेवटी तुमच्या बिलात येतं.

प्रश्न (लातूरहून, एक शिक्षिका): ताई, मी शाकाहारी आहे, त्यामुळं तिथं गेल्यावर कणीक, डाळ, तेल, मसाले सगळं घेऊन व्हॅनमध्येच स्वयंपाक करणार. शेवटी उरलं तर टाकून द्यायचं जिवावर येतं. आणि फोडणीच्या वासाचे पैसे लावतात म्हणे, खरं का?

उत्तर: टाकायची काही गरज नाही. तिथल्या हॉलिडे पार्कमध्ये (व्हॅन लावून मुक्काम करायच्या जागेत) सगळ्यांसाठी मिळून एक मोठं स्वयंपाकघर असतं आणि तिथं बहुतेक ठिकाणी एक फळी किंवा टोपली ठेवलेली असते, जाणाऱ्यांनी उरलेलं ठेवायचं, येणाऱ्यांनी न्यायचं. तांदूळ, मीठ, साखर, पास्ता, अर्धी तेलाची बाटली असं सगळं तिथं फिरत असतं. तुम्ही पहिल्याच दिवशी तिथं डोकावलात तर मीठ आणि तेल विकत घ्यायची वेळच येणार नाही कदाचित. पिशवीवर काय आहे ते इंग्रजीत लिहून ठेवा, नुसती पिवळी पावडर दिसली तर कुणी हात लावणार नाही, हळद लिहिलं तर लगेच जाते. तेल मात्र सिंकमध्ये ओतू नका, ते खालच्या सांडपाण्याच्या टाकीत जाऊन पाइप चोंदतो, कागदानं पुसून कचऱ्यात टाकायचं.

जाताना इथून काय न्याल ते मात्र जपून. बियाणं, ताजी फळं, मध, कढीपत्ता असलं नेऊच नका, आणि बाकी खाण्याचं जे काही असेल ते तिथं शिरण्याआधी भरायच्या फॉर्मवर सगळंच्या सगळं लिहा. लिहिलेल्याला फार तर काढून घेतात, न लिहिलेल्याला जागेवर ४०० डॉलर दंड. बुटाच्या तळव्याला शेतातली माती असली तरी धुवायला लावतात, तुम्ही घरूनच धुऊन न्या.

वासाचं म्हणाल तर खरं आहे. करारात "जास्तीची साफसफाई" असं काहीतरी असतं आणि त्यात वासही धरतात. वर छताला जे झाकण असतं ते पूर्ण उघडायचं, पंखा असला तर चालू करायचा, आणि लसूण-मोहरीची फोडणी शक्यतो पार्कच्या किचनमध्ये किंवा बाहेर टेबलावर. आत फोडणी दिली की धुराचा अलार्म असा बोंबलतो की शेजारचे चार गाडीवाले उठून येतात. शेवटच्या दोन दिवसांत आत काहीच तळू नका, भात-वरण पार्कच्या किचनमध्ये करा, आणि आदल्या दिवशी दुपारी गरम पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून ओटा, भिंतीचा पत्रा, कपाटाची दारं पुसून घ्या, पडदे ओढून सगळी दारं-खिडक्या तासभर उघडी ठेवा. वास जातो.

प्रश्न (परभणीहून, एक निवृत्त काका): आम्ही दोघंच, मुलगा ऑकलंडला आहे. सगळं जमेल पण ते टॉयलेटची टाकी आपण रिकामी करायची म्हणतात त्याची धास्ती वाटते. पर्याय आहे का?

उत्तर: काका, पर्याय शोधू नका, कारण टॉयलेट नसलेल्या व्हॅनला तिथं बहुतेक फुकटच्या जागी रात्र काढता येत नाही, २०२३ च्या कायद्यानं तर गाडीत पक्कं बसवलेलं टॉयलेट पाहिजे असा नियमच झालाय, सुटं हलवायचं चालत नाही. आणि धास्ती घेण्यासारखं खरंच काही नाही, काकू करतील इतकं सोपं आहे, पण तुम्हीच करा.

व्हॅनच्या बाहेरच्या बाजूला एक छोटं दार असतं, ते उघडलं की सुटकेसएवढी टाकी सरकून बाहेर येते, काहींना तर चाकं आणि दांडा असतो. तिथल्या बहुतेक गावांत डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, आहे, अॅपवर दिसतं. टाकी नेऊन, तोटी बाहेर वळवून, झाकण काढून ओतायची, आणि ओतताना मागं एक बटण असतं ते अंगठ्यानं दाबून धरायचं. सगळी गंमत त्या बटणात आहे, ते दाबलं की आत हवा जाते आणि पाणी शांतपणे वाहतं, नाही दाबलं तर भकभक करत अंगावर उडतं. मग तिथल्याच नळानं थोडं पाणी घालून हलवून परत ओतायची, औषधाची निळी गोळी टाकायची, जागेवर सरकवायची. पाच मिनिटं. त्या नळाचं पाणी प्यायच्या टाकीत भरायचं नाही, तिथं दोन नळ असतात आणि प्यायच्याची पाटी वेगळी असते. सांडपाण्याची टाकी डंप स्टेशनच्याच जाळीवर गाडी उभी करून खालचा व्हॉल्व्ह उघडला की रिकामी होते.

परत देताना या दोन्ही टाक्या रिकाम्या पाहिजेत, नाहीतर चांगला दणका बसतो. म्हणून शेवटच्या पार्कमधून निघायच्या सकाळीच करा, कारण एअरपोर्टजवळच्या डंप स्टेशनला त्याच दिवशी परत करणाऱ्यांची रांग असते. एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आपण बघितलंय, त्यामुळं टाकीतलं पाणी पुरवून वापरणं आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही, भांडी विसळायला किती लागतं ते हाताला माहीत असतं. या बाबतीत तुम्ही तिथल्या तरण्याताठ्यांपेक्षा पुढं असाल.

प्रश्न (बीडहून): गाडी परत दिल्यावर मागून पैसे कापतात असं मित्र म्हणतो. कशाकशाचे? आणि खरेदीवरचा टॅक्स एअरपोर्टला परत मिळतो का?

उत्तर: शेवटचं आधी, नाही मिळत. ऑस्ट्रेलियात ती सोय आहे म्हणून लोकांचा घोळ होतो, न्यूझीलंडमध्ये १५ टक्के जीएसटी भरलेला तो भरलेलाच.

मागून कापतात त्यात सगळ्यात मोठी रक्कम डिझेलच्या रस्ता कराची असते. तिथं पेट्रोलमध्ये कर पंपावरच धरलेला असतो, डिझेलमध्ये नसतो, म्हणून डिझेल पंपावर स्वस्त दिसतं आणि लोक खूश होतात, पण डिझेल गाडीनं जितके किलोमीटर कापले तितका कर वेगळा भरायचा असतो आणि भाड्याच्या कंपन्या तो शेवटी मीटर बघून तुमच्याकडून घेतात. दोन्ही बेटं मिळून तीन-चार हजार किलोमीटर सहज होतात, तेव्हा ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा, फसवणूक नाही ती, करारात लिहिलेली असते. दुसरं टोल. फास्टॅग, टोलनाका असलं काही नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि पाच दिवसांत आपण ऑनलाइन भरायचा. टोलचे रस्ते फक्त उत्तर बेटावर आहेत, ऑकलंडच्या उत्तरेला एक आणि तौरांगाजवळ दोन. राहिला तर कंपनी भरते आणि वर स्वतःचा चार्ज लावते. स्पीडचा दंडही असाच महिन्याभरानं घरी आल्यावर कळतो.

काच हा तिसरा भाग. खडीच्या रस्त्यावर समोरच्या गाडीच्या चाकातून दगड उडतो आणि काचेवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका पडतो. इन्शुरन्समध्ये काच आहे का ते घेतानाच विचारा, आणि टप व गाडीचा खालचा भाग बहुतेक वेळा इन्शुरन्समध्ये नसतो हेही. गाडी घेताना एकदा आणि देताना एकदा, दोन्ही वेळा व्हिडिओ काढा, चारी बाजू, टप, टायर, काच, आतली सीट, डिझेलचा काटा, किलोमीटर. डिझेलची शेवटची पावती सांभाळा. डेपोतला माणूस घाईत असला तरी त्याच्यासोबत गाडीभोवती फिरा आणि कागदावर "नुकसान नाही" लिहून घ्या. हे करायला संकोच वाटून घेऊ नका.

प्रश्न (धाराशिवहून): आम्ही मागच्या महिन्यात जाऊन आलो. सहल सुरेख झाली, पण आल्यापासून मिस्टर गप्प गप्प आहेत, मुलगी रात्री एकला उठून बसते, मलाही घर खायला उठतं. असं होतं का सगळ्यांना?

उत्तर: होतं हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यातलं अर्धं तर नुसतं झोपेचं आहे. तिकडच्या उन्हाळ्यात आपल्यापेक्षा घड्याळ साडेसात तास पुढं असतं, म्हणजे मुलीचं अंग तिकडं सकाळी सहाला उठायचं तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, ती एकला उठते म्हणजे एक तृतीयांश वाट चालून आली. रोज साधारण तासाभरानं शरीर सरकतं. दुपारी झोपू देऊ नका, संध्याकाळी ऊन असेपर्यंत बाहेर खेळायला पाठवा, आठवड्या-दीड आठवड्यात जागेवर येते.

राहिलेलं अर्धं मनाचं आहे, आणि ते मला फार खरं वाटतं. इतके दिवस तुम्ही तिघं एका खोलीएवढ्या गाडीत होतात, सकाळी दार उघडलं की रोज नवा डोंगर, मिस्टर नकाशा बघणार, मुलगी पाण्याचा पाइप जोडणार, तुम्ही चहा टाकणार, प्रत्येकाला काम होतं आणि सगळे एकमेकांच्या हाताशी होते. घरी आल्यावर ते ऑफिसला, ती शाळेला, तुम्ही एकट्या. ती सवय तुटल्याचं दुःख आहे ते, डोंगराचं नाही. म्हणून माझं सांगणं असं की आठवड्यातून एका संध्याकाळी तरी तीच कामाची वाटणी घरात ठेवा, मिस्टरांनी भाजी चिरायची, मुलीनं ताटं घ्यायची, मोबाइल कपाटात. आणि हजार फोटो फोनमध्येच ठेवून नातेवाईकांना भराभर सरकवून दाखवू नका, त्यानं ऐकणाऱ्याचंही काही होत नाही आणि तुमचंही मन भरत नाही. मुलीला विचारा, तिला एकच दिवस सांगायचा असेल तर कोणता सांगेल, त्या दिवसाचे वीस फोटो छापून आणा, आजी-आजोबांपुढं बसून तिलाच सांगू द्या.

पुढं जाणाऱ्यांसाठी एक, मुंबईला उतरल्यावर स्वतः गाडी चालवत गावाकडं निघू नका. समृद्धी झाला, लवकर पोचतो, सगळं खरं, पण सोळा-सतरा तास विमानात बसलेला आणि ज्याच्या शरीराला दुपार मध्यरात्रीसारखी वाटते असा माणूस सरळसोट रस्त्यावर स्टेअरिंगवर झोपतो. ड्रायव्हर बोलवा, नाहीतर देवगिरी आहे, लातूर एक्सप्रेस आहे, आडवे होऊन या.

प्रश्न (हिंगोलीहून): एवढा पैसा नाही ताई आमच्याकडं. असं फिरणं इकडं मराठवाड्यात होईल का?

उत्तर: का नाही होणार. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, पण टाक्या रिकाम्या करायची गावोगावी सोय आपल्याकडं नाही, त्यामुळं मी टॉयलेटवाल्या व्हॅनच्या मागं लागणार नाही. साधी इको नाहीतर ओम्नी, मागं गादी, एक छोटा गॅस, वीस लिटरचे दोन जार, अन् रात्री देवस्थानच्या भक्तनिवासात मुक्काम. पाऊस सरता सरता निघा, सप्टेंबरच्या शेवटाला. तुमच्याकडूनच सुरुवात, औंढा नागनाथ, मग नांदेड, कंधारचा किल्ला, त्याचा पाण्यानं भरलेला खंदक, औसा, नळदुर्गला पाणीमहालावरून नर-मादी धबधबे पडताना बघायचे असतील तर बोरी नदीला पाणी पाहिजे म्हणून हाच मोसम, मग वर सरकून सौताडा, कपिलधार, अंबाजोगाई, परळी, आणि परभणीवरून घरी. वेरूळ-अजिंठा यात घुसडू नका, त्याला वेगळं या. शेवटची रात्र परळीला, म्हणजे सकाळी दर्शन घेऊन दुपारच्या जेवणाला घरी.

प्रश्न (नांदेडहून, कॉलेजचा विद्यार्थी): कॅम्परव्हॅन स्वस्तात मिळायची काही ट्रिक?

उत्तर: आहे. बहुतेक लोक ऑकलंडला सुरू करून क्राइस्टचर्चला संपवतात, त्यामुळं गाड्या दक्षिणेत साचतात आणि कंपन्यांना त्या वर न्यायच्या असतात. मग त्या अगदी किरकोळ भाड्यात देतात, कधीकधी फेरीचं तिकीटही त्यांचंच, अट एवढीच की ठरलेल्या चार-पाच दिवसांत ऑकलंडला पोचवायची. "रिलोकेशन" म्हणून शोध. फेब्रुवारी-मार्चपासून, सीझन उतरायला लागला की जास्त मिळतात. वयाची अट बघ, बऱ्याच कंपन्या एकवीसच्या खालच्याला गाडी देत नाहीत, आणि डिपॉझिटला नावावरचं क्रेडिट कार्ड लागतं, वडिलांचं चालत नाही, वडील सोबत असले तर गोष्ट वेगळी.